माळवदावरची माती आणि घरातली बाई

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज घराविषयी बोलायचं आहे, आणि तेही जुन्या घराविषयी. गेल्या दिवाळीत आमच्या घरी मोठा वाद झाला. थोरला मुलगा म्हणाला, "आई, हे माळवद आता पाडूच. जेसीबी लावला की एका दिवसात जागा मोकळी. वर स्लॅब टाकू, स्लॅबवर सोलर बसवू." सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या ओसरीवरूनच बोलल्या, "माझ्या देखत पाडायचं नाही. मी गेल्यावर काय करायचं ते करा." दोघांच्या मध्ये मी. आणि खरं सांगते, मला दोघांचंही पटत होतं. भूकंपाच्या रात्री त्याच माळवदाखाली तीन महिन्यांचं लेकरू कुशीत घेऊन मी थरथरत बसले होते. आणि त्याच माळवदाखाली एप्रिल-मे महिन्यात पंखा नसताना सुखाची झोपही घेतली होती.

मग मी ठरवलं, पाडायचं की राखायचं हे नंतर. आधी हे घर असं का बांधलं, ते कशानं बिघडलं आणि लोकांनी ते कसकसं दुरुस्त केलं, हे समजून घ्यायचं. जुन्या माणसांना विचारलं, गवंड्यांना विचारलं, भूकंपानंतर ज्या बायकांनी गावोगाव काम केलं त्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

काळी आणि पांढरी

आपल्या मराठवाड्यात गावाला दोन आया, असं म्हातारी माणसं म्हणतात. एक काळी, म्हणजे शेताची जमीन. दुसरी पांढरी, म्हणजे गाव जिथं वसलं ती जागा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचं घर टिकत नाही. पांढरी माती दाबली की घट्ट बसते, पाणी लवकर आत जाऊ देत नाही. म्हणून घराच्या डोक्यावर पांढरी.

माळवदाचं घर कसं, ते आपल्या पोरींना आता सांगावं लागतं. दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे खण. कुणाचं घर सहा खणांचं, कुणाचं बारा खणांचं, त्यावरून घराची ऐपत कळायची. तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. उजेडासाठी माळवदाला एक भोक, त्याला सानं म्हणतात. पावसात त्यावर पालथं घमेलं ठेवायचं.

हे घर अडाणी नव्हतं. जाड माती आणि जाड दगड हळूहळू तापतात. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री आपण वर माळवदावर झोपायला गेलेलो असतो. डाळ वाळवायची वर, कुरडया-पापड वर, बायकांच्या गप्पाही एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर. विजेचा एक पैसा न लागता घर गार ठेवायची ही विद्या होती.

दरवर्षी चार टोपल्या

मग चुकलं कुठं? माळवद गळायचं. दर पावसाळ्याआधी घरातली माणसं वर जाऊन चार टोपल्या पांढरी माती टाकायची आणि चोपून काढायची. पुढच्या वर्षी पुन्हा चार टोपल्या. सासऱ्यांनी टाकली, त्यांच्या बापानं टाकली. जुनी माती काढायची रीत मात्र नव्हती. वीतभर होती ती हातभर झाली. कित्येक घरांवर दीड-दोन फूट माती साठली.

आता हिशोब करा. दहा बाय दहाची एक खोली. तिच्यावर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. एक घनफूट कोरडी माती पंचेचाळीस किलो धरली, तरी पावणेसात टन वजन झालं. भिजली की आणखी जास्त. धान्याची शंभर-शंभर किलोची सदुसष्ट पोती आपल्या डोक्यावर रचलेली, आणि आपण खाली लेकरं झोपवतोय.

आणि खालचा आधार? पूर्वी खांब-तुळया सागाच्या, बाभळीच्या, जाड. लाकूड महाग होत गेलं तशा बऱ्याच घरांत तुळया खांबाऐवजी थेट भिंतीवर टेकवल्या गेल्या. भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण ती खरी दोन भिंतींची असायची. बाहेरून एक दगडी थर, आतून एक थर, आणि मध्ये बारीक दगड नि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच घातलेला. वरून वजन वाढत गेलं आणि खालून सांगड सैल होत गेली. दोन्हींकडे एकदम कुणी पाहिलं नाही.

तीस सप्टेंबर

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला थोडा वेळ होता. गणपती बोळवून थकलेली गावं झोपेत होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६ हून जास्त होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली. हजारो माणसं गेली. ती मोजायला सुद्धा कित्येक दिवस लागले.

तेव्हा सगळे म्हणाले, भूकंपानं माणसं मारली. खरं तर माणसं मारली ती डोक्यावरच्या मातीनं आणि फुटलेल्या भिंतींनी. दोन थरांची भिंत हलली, थर वेगळे झाले, पोट सुटून भिंत कोसळली, आणि तिच्यावरची टनावारी माती खाली आली. काही माणसं दगडानं नाही, मातीखाली गुदमरून गेली. पण त्याच गावांत एक गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहिली. जिथं खांब आणि तुळयांची सांगड घट्ट होती, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी वरचं माळवद लाकडावर उभं राहिलं, आणि आतली माणसं वाचली. म्हणजे घराची सगळीच विद्या खोटी नव्हती. तिचा अर्धा भाग आपण विसरलो होतो.

किल्लारीपासून आमचं गाव चाळीसएक किलोमीटर. आमचं घर पडलं नाही. पण ईशान्येच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो.

पाडायचं की नीट करायचं

भूकंपानंतर सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं काम हाती घेतलं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, ओळीनं घरं. पण त्याहून कितीतरी जास्त घरं अशी होती, जी पडली नव्हती, तडकली होती. तेरा जिल्ह्यांत मिळून अशी घरं दोन लाखांच्या आसपास. ती आहे त्या जागीच दुरुस्त करायची आणि मजबूत करायची ठरली. हे काम घरमालकानंच करायचं होतं. सरकार पैसे हप्त्यानं देणार, इंजिनिअर सांगणार.

इथं आपल्या बायकांचा इतिहास सुरू होतो. कागद घरमालकाच्या नावाचा, पैसे त्याच्या हातात, इंजिनिअर बोलणार त्याच्याशी. आणि घरात दिवसभर कोण? बाई. चूल कुठं, पाणी कुठं मुरतं, कोणती भिंत रात्री करकरते, हे तिला ठाऊक. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकांना या कामात सामील करून घ्यायची जबाबदारी आली. त्यांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. ज्या बाईनं आयुष्यात कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती चावडीसमोर उभी राहून भूकंपात टिकणारी भिंत कशी असते ते सांगू लागली. कुणाचा हप्ता अडला, कुणाला खराब सिमेंट मिळालं, कुणाच्या घराची नोंदच राहिली, हे ती लिहून ठेवायची आणि तालुक्याला जाऊन विचारायची.

त्या बायकांनी जे शिकवलं ते आजही उपयोगाचं आहे. पहिलं, माळवदावरची जास्तीची माती काढा. आठ इंचांच्या वर ठेवू नका. मगाच्या त्याच खोलीवर दीड फुटाची माती आठ इंच केली, तर पावणेसात टनांचे तीन टन होतात. दुसरं, खांब आणि तुळई जिथं भेटतात त्या कोपऱ्यात तिरकं लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोका. तिसरं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई घाला आणि काँक्रीटनं भरा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतील. चौथं, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला एक पट्टा बांधा. आपण पोत्याला दोरी आवळतो, तसा.

पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडं गेल्या आणि तिथल्या बायकांशी बसून बोलल्या. भाषा वेगळी होती, पण भिंत कशी पडते हे हातांनी दाखवता येतं.

भीतीचा पत्रा

पण आणखी एक झालं. लोकांच्या मनात दगडाची आणि मातीची भीती बसली. ज्याला जमेल त्यानं माळवद उतरवून पत्रा टाकला. भीती खरी होती, मी कुणाला नावं ठेवत नाही. पत्रा हलका, जीव वाचवणारा. पण पत्रा पातळ. ऊन आलं की तो लगेच तापतो आणि ती आग थेट आत सोडतो. दुपारी अकरापासून पाचपर्यंत पत्र्याखाली कोण असतं? म्हातारी माणसं, लहान लेकरं, बाळंतीण, आणि भाकरी थापणारी बाई. गडीमाणूस झाडाखाली जाऊन बसतो.

आमच्या घरीही एक चूक झाली. भेग बुजवायला आलेल्या ठेकेदारानं मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा मारला. सहा महिने भिंत चकाचक दिसली. मग गिलाव्याच्या आत ओल साठली, पापुद्रे सुटले, फुगले आणि पडले. मातीच्या भिंतीला श्वास लागतो. तिला चुना-मातीचा गिलावाच मानवतो. मी तेव्हा म्हटलं होतं की या भिंतीला ओल येते. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहाचं बघा."

धुराची गोष्ट

घर सुधारायचं म्हटलं की वीज आठवते. पण आपल्या घरातली सगळ्यात जुनी ऊर्जा म्हणजे चूल. आणि माळवदाच्या घराचा सगळ्यात मोठा दोष अंधार आणि धूर. सान्यातून जेवढा जाईल तेवढा धूर जाणार, बाकीचा आपल्या डोळ्यांत.

यावर विचार फार आधी झाला होता, आणि तोही आपल्या जवळच. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडं असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तकही काढलं. एकाच आगीवर ओळीनं भांडी, आणि शेवटी धूर बाहेर नेणारी नळी. पुढं १९८० च्या दशकात देशभर सुधारित चुलींची सरकारी योजना आली, ती २००२ पर्यंत चालली. गावोगाव चुली बसल्या.

मग त्या राहिल्या का नाहीत? माझ्या मावशीनं एका वाक्यात सांगितलं, "चूल चांगली होती, पण भाकरी कुठं शेकायची?" आपली भाकरी तव्यावरून उतरवून विस्तवापुढं उभी करावी लागते. बंद तोंडाच्या चुलीत ती सोय नाही. धुराडं काजळीनं भरलं की साफ कोण करणार? ते माळवदातून वर काढलं की कडेनं पाणी गळणार, ते कोण बुजवणार? चूल बनवणाऱ्यानं धूर मोजला. भाकरी करणारीला विचारलं नाही. जिथं बायकांना विचारून, तिथंच बसून चूल घडवली, तिथं ती जास्त टिकली. पुढं तर आपल्याच भागातल्या बायका सुधारित चुली आणि सौर दिवे विकायला लागल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस पोचला. तरी सिलिंडर परवडेना म्हणून चूल पेटतेच, हे तुम्हीही जाणता. म्हणून गॅस असला तरी सैपाकघराला धूर जायची वाट हवीच.

आम्ही काय केलं

आता परत आमच्या घराच्या वादाकडं येते. हा सगळा इतिहास मी मुलाला सांगितला. तो म्हणाला, "मग आई, माझं काय चुकलं? मीही वजन उतरवायचंच म्हणतोय." मी म्हटलं, "तू उतरवून त्याच भिंतीवर स्लॅब चढवायचं म्हणतोस. आजोबांनी माती चढवली, तू काँक्रीट चढवशील. खालच्या भिंतीला काय झेपतं, ते त्यांनीही पाहिलं नाही, तूही पाहत नाहीस." तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तोच तालुक्याहून एका इंजिनिअरला आणि शेजारच्या गावच्या जुन्या गवंड्याला घेऊन आला.

दोघांनी प्रत्येक खांबाला बुडाशी टोचून पाहिलं. मागच्या चार खणांचे खांब वाळवीनं पोकळ झालेले, भिंतीला पोट सुटलेलं. ते पाडायचं ठरलं. पुढच्या आठ खणांचं लाकूड मात्र टणटणीत निघालं. ते राखायचं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागचं जाऊ दे. ते गळतच होतं."

आतून टेकू लावून, दोन्ही बाजूंनी सारखी सारखी माती उतरवली. ट्रॉल्या भरून पांढरी निघाली, ती काळीला घातली. राहिलेल्या थराखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पन्हाळी नीट केल्या. सांध्यांना तिरके आधार दिले. भिंतीत सळया भरल्या. सिमेंटचा पडका गिलावा खरवडून चुना-मातीचा केला. सान्याला वरून काचेचं झाकण बसवलं, दिवसा दिवा लावावा लागत नाही. मागं पट्टे घालून विटांची नवी खोली आणि सैपाकघर बांधलं. त्याला धुराडं आणि समोरासमोर दोन खिडक्या. वरच्या स्लॅबला पांढरा चुना दिला, म्हणजे ऊन परत फेकलं जातं.

आणि सोलर? आधी वीज कमी करू, असं ठरलं. तुम्हीही गटात बसून हा हिशोब करा. ६० वॉटचे चार बल्ब रोज पाच तास लावले तर महिन्याला ३६ युनिट. त्याजागी ९ वॉटचे एलईडी लावले तर साडेपाच युनिटसुद्धा नाही. ७५ वॉटचे दोन जुने पंखे रोज बारा तास चालले तर ५४ युनिट. ३० वॉटचे नवे पंखे २२ युनिटच्या आत. म्हणजे नव्वद युनिटचे सत्तावीस झाले. एक किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं. आधी गळती बुजवली तर छोटं सोलरही पुरतं. ते नव्या खोलीवर बसेल, जुन्या माळवदावर नाही. आणि त्याआधी जुन्या वायरी बदलल्या, अर्थिंग करून घेतलं. लाकडी घरात सैल वायर म्हणजे आगीला निमंत्रण.

मैत्रिणींनो, प्रत्येक जुनं घर राखावं असं मी म्हणत नाही. ज्याचे खांब पोकळ आहेत त्याची माया करू नका, जीव मोठा आहे. पण पाडण्याआधी आणि वर काही चढवण्याआधी दोन प्रश्न विचारा. खालच्याला हे झेपेल का? आणि आत राबणारीला विचारलं का?

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या घराचे कोपरे, खांबांची बुडं आणि भिंतींची पोटं पाहून यावीत. माळवद असेल तर माती किती जाड आहे ते काठीनं मोजावं. ज्यांच्या घरी पत्रा आहे त्यांनी खालून बांबूची चटई लावता येईल का, वर पांढरा रंग देता येईल का, ते पाहावं. हे सगळं वहीत लिहा. मग ती वही घेऊन गवंड्याशी, इंजिनिअरशी आणि घरच्या गड्यांशी बोला. तीस वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या बायकांनी अशाच वह्या घेऊन तालुका गाठला होता.

सासूबाई आता परत ओसरीवर बसतात. परवा म्हणाल्या, "वरचं हलकं झालं ग, झोप बरी लागते." मातीविषयी म्हणाल्या की आणखी कशाविषयी, ते मी विचारलं नाही.

बरं, भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या. नमस्कार.